एक वीत वर

लेकरू रडत नाही, गप्प पडून राहतं, म्हणून तुम्ही कधी त्याला 'गुणी' म्हणाला आहात का?

मी म्हणायची. मैत्रिणींच्या लेकरांना, बसमध्ये शेजारी बसलेल्या बायांच्या लेकरांना. मागच्या वर्षी मला मुलगी झाली आणि हिंगोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिला बघायला येणारा जो तो हेच म्हणू लागला. बाळंतपणासाठी गावाहून येऊन राहिलेली माझी माय त्यावर दर वेळी एकच करायची. उठायची, झोपलेल्या लेकराजवळ जायची आणि त्याच्या तळपायाला टिचकी मारायची. लेकरू दचकून रडायला लागलं की परत जागेवर येऊन बसायची.

पाहुणे अवघडायचे. "अहो, झोपलं होतं की बिचारं," असं कोणी म्हणालंच तर माय म्हणायची, "झोपंल पुन्हा. तिला कुठं ड्युटीवर जायचंय."

मी हसण्यावारी न्यायची. दुसरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मायनं चार महिन्यांत माझ्या मुलीला एकदाही छातीशी धरलं नव्हतं. तिला न्हाऊ घालायची, तेल चोळायची, पसरलेल्या पायांवर उताणी घेऊन तासन् तास बोलत बसायची. पण छातीशी नाही, खांद्यावर नाही. दूध पिऊन झालं की ढेकर काढायला मलाच हाक मारायची. मी कपडे धुवत असले तरी, माझे हात फेसात असले तरी.

चार महिने झाले आणि मला कामावर जाणं भाग पडलं. मी कळमनुरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. तासिकेवाल्या बाईला बाळंतपणाची रजा नसते. ती घरी बसली की तिच्या जागी दुसरी येते. लेकरू अंगावर पिणारं, त्यामुळे ते सोबत न्यायचं. मायही यायची आणि मी वर्गात असेपर्यंत ग्रंथालयाशेजारच्या रिकाम्या खोलीत त्याला सांभाळायची, असं ठरलं. मात्र येता-जाता एसटीत लेकरू माझ्याच अंगावर राहणार होतं, कारण माय तसं धरायला तयार नव्हती. "माझे हात लटपटतात," म्हणाली. ज्या हातांनी तिनं आदल्याच दिवशी पाण्याचं पिंप ओढून जागेवर सरकवलं होतं, त्या हातांविषयी.

तेव्हा दोन्ही हात मोकळे ठेवून लेकरू पुढे बांधता येईल असं काहीतरी हवं होतं.

इथं माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. मी पत्रकांवर वाढले. बाबा वसमतच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. चुकलेली, जास्तीची, शाई फाकलेली. त्यांची पाठ कोरी असायची म्हणून माझ्या शाळेच्या वह्या त्यांच्याच शिवलेल्या. एका बाजूला पाढे आणि दुसऱ्या बाजूला मोर्चाची हाक. 'कमळ' लिहिता येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होता. बाबा सकाळी विहारात वंदना करून यायचे आणि चहा पिताना मला एकेक पत्रक मोठ्यानं वाचायला लावायचे. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, ते सांगायचे. आजही मला कोणतीही गोष्ट आधी बाजू घेऊन मगच दिसते.

म्हणून मोबाईलवर लेकरू बांधायचे कॅरियर शोधायला बसले तेव्हा मला आधी राग आला. बकलवाले, पट्टेवाले, जाळीवाले, कमरेला बैठक असलेले. जाहिरातीत गोरीपान जोडपी समुद्राकाठी फिरत होती. मी नवऱ्याला म्हणाले, "आपल्या आयांनी उन्हातान्हात अंगावर लेकरं बांधून रानं उपसली. तेव्हा कोणी त्याला फॅशन म्हणालं नाही. आता तेच डब्यात घालून आपल्यालाच विकून राहिले." नवरा म्हणाला, "बरोबर आहे, पण सोमवारी बसमध्ये काय करशील?" मी म्हणाले, लुगड्यानं बांधीन. मजूर बाया बांधतात तशी. कॉलेजातल्या लोकांना दिसू दे. त्यावर एक लेखही माझ्या डोक्यात तयार झाला होता, शीर्षकासकट.

रविवारी दुपारी मी मायच्या बोचक्यातलं जुनं सुती लुगडं काढलं. दुपट्यांसाठी तिनं आणलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. लेकराला पोटाशी घेतलं, लुगडं पाठीवरून फिरवून कमरेशी गाठ मारली. दारासमोरचा रस्ता पाइपलाइनसाठी उकरलेला होता, धुरळा घरात येत होता, म्हणून वरून ओढणीही घेतली. मग मी दारात ज्वारी निवडत बसलेल्या मायसमोर जाऊन उभी राहिले.

"बघ माय. तुमच्यासारखं."

ती ओरडली नाही. तिनं वर बघितलं, सूप हातातून सुटलं, ज्वारी ओट्यावर पसरली. ती उठून माझ्या गाठीला भिडली. गाठ पक्की होती, तिला सुटेना. तेव्हा तिनं खाली वाकून ती दातात धरली आणि ओढली. लेकरू बाहेर काढून उजेडाकडे धरलं. लेकराला काही झालं नव्हतं. जागं होतं, वैतागलेलं होतं.

"नाक कुठं व्हतं तिचं?" माय म्हणाली.

"इथंच की. पोटाशी."

"तुला दिसून राहिलं व्हतं का?"

मला लुगडं दिसत होतं, ओढणी दिसत होती. लेकरू दिसत नव्हतं.

माझ्या आधी एक मुलगी झाली होती, हे मला ठाऊक होतं. "ताप आला अन् गेली," एवढंच घरात बोललं जायचं. आमच्याकडे घरटी असं एखादं लेकरू गेलेलंच असतं, त्यामुळे मीही कधी खोदून विचारलं नव्हतं. त्या दुपारी मायनं सांगितलं की ताप आलाच नव्हता.

कुरुंद्याच्या अलीकडे एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात ती हळदीच्या कामाला जायची. हळद शिजवून वाळवून झाली की ती ढोलात घालून फिरवतात, पॉलिश करतात. ढोल फिरायला लागला की पिवळी माती अशी उडते की समोरचा माणूस पिवळ्या धुक्यात गेल्यासारखा दिसतो. बाया बाजूला बसून कांड्या आणि गड्डे वेगळे करतात. पहिले दोन दिवस मायनं लेकरू बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगलं होतं. दुसऱ्या दिवशी झोळीला मुंगळे लागले, लेकराच्या मांड्या चावून लाल झाल्या. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला अंगावरच ठेवायचं ठरवलं. बाया पाठीशी बांधायच्या, पण पाठ ढोलाकडे होती. मायनं विचार केला, पुढे बांधावं. पोटाशी राहील, धूळ लागणार नाही, मागेल तेव्हा पाजता येईल. वरून पदर घेतला.

"लय मायेनं बांधली," ती म्हणाली. "घट. खाली सरकू नये म्हणून गुडघं पोटाशी दुमडून. दोन म्हयन्याची व्हती. बसल्या बसल्या मी वाकायची, कांड्या उचलायची. ती गप. मुकादम येऊन गेला, म्हणला, बाई, लय गुणी लेकरू हाय तुझं, आवाज न्हाई. मला बरं वाटलं ते."

मग ती माझ्या मुलीच्या तळपायावरून अंगठा फिरवत राहिली.

"भाकरीच्या वक्ताला सोडली."

डॉक्टरनं त्या लेकराला कधी पाहिलंच नाही. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. नक्की काय झालं ते कोणी सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. मायला मात्र एकच आठवतं. पदर बाजूला केला तेव्हा लेकराची हनुवटी छातीवर टेकलेली होती आणि नाक लुगड्याच्या घडीत होतं.

"तीस वर्सं झाली," ती म्हणाली. "मी अजून बांधून राहिले तिला. भांडी घासताना, सयपाक करताना. मनात. रोज बांधते. रोज एक वीत वर बांधते."

मी ओट्यावरची ज्वारी गोळा करत बसले. आणि तिथं, सुपात दाणे टाकता टाकता, मला ते पत्रक आठवलं.

पाचवीत असताना मी जयंतीच्या कार्यक्रमात भाषण केलं होतं. बाबांनीच पाठ करून घेतलं होतं, त्यांनी स्वतः लिहिलेलं आणि स्वतः खिळे जुळवून छापलेलं एक जुनं पत्रक. एका मजूर बाईच्या, हळदीच्या रानात मेलेल्या लेकराविषयी. त्यात नाव नव्हतं, गाव नव्हतं. 'त्या लेकराला धुळीनं मारलं. ती धूळ कोणाच्या मालकीची आहे, ते विचारा.' इथं मी हात वर करायचा आणि थांबायचं. मी थांबले. टाळ्या पडल्या. पुढे सतरंजीवर बसलेल्या बायांमधून माय उठली आणि पदर सावरत निघून गेली. मला वाटलं, स्वयंपाक राहिला असेल. घरी गेल्यावर तिनं मला वाढलं. "चांगलं बोललीस," म्हणाली. मला बक्षिसात मिळालेला कंपास तिनं फडताळात वर ठेवून दिला.

मी तेच भाषण पुढे तीन ठिकाणी केलं. त्या प्रत्येक ठिकाणी मी माझ्या बहिणीला हातवारे करून मारलं आणि माझी आई ते ऐकत होती.

मी बाबांना फोन लावला. ते गावीच असतात. "तुम्ही धूळ का लिहिलं?" एवढंच विचारलं. कोणतं पत्रक ते त्यांना सांगावं लागलं नाही.

मग म्हणाले, "लोक म्हणून राहिले व्हते, मायनंच दाबून मारलं. बाया विहिरीवर बोलायच्या. तुझी माय पाण्याला जाईना. म्या धूळ लिवलं. धुळीला कोण काय म्हणणार?"

"पण बाबा, कसं बांधलं होतं ते लिहिलं असतं तर..."

"तर समद्या तालुक्यात छापून झालं असतं की हिनं बांधलं."

ते पत्रक खोटं नव्हतं. रानात सावली नव्हती, लेकरू ठेवायला जागा नव्हती, पोटुशी असो की ओली बाळंतीण, बाईला त्या ढोलाच्या तोंडाशीच बसवलेलं होतं. पत्रक निघालं आणि पुढच्या हंगामात त्या शेतकऱ्यानं ढोलापासून लांब पत्र्याचं छप्पर टाकलं, असं बाबा सांगतात. मी ते मानते. पण मला दुसरंही दिसतं. गावोगाव ते पत्रक वाचलं गेलं आणि ते ऐकून बायांनी काय केलं असेल? धुळीच्या भीतीनं पदर आणखी घट्ट ओढला असेल. मायला जे कळलं होतं ते त्या पत्रकात एका ओळीत मावलं असतं. तिला कोणी विचारलं नाही. तिला वाचवताना आम्ही तिचं तोंडही बांधून टाकलं. मी तर लहानपणीच, हात वर करून.

सोमवारी मी पहिला तास बुडवला. आम्ही दोघी लेकरू घेऊन हिंगोलीच्या बाजारात गेलो. लहान मुलांच्या कपड्यांचं एक अरुंद दुकान आहे, तिथं वरच्या फळीवर कॅरियर होते. दुकानदार आपुलकीनं दाखवू लागला. "ताई, ये कांगारू बॅग देखो. बच्चा सामने देखेगा, दुनिया देखेगा."

मायनं ती हातात घेतली. बसायची जागा एवढीशी, चड्डीएवढी. "यात लेकरू बसत न्हाई, लोंबतं," ती म्हणाली. "दुसरी काढा."

दुसरीला मांडीखाली रुंद बैठक होती. तिसरीलाही होती, पण पाठीमागचं कापड इतकं ढिलं की मायनं त्यात मूठ घालून फिरवून दाखवली. "यात खाली बसंल गाठोड्यावानी." दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी काय मशीनवर कामाला होत्या का? शिलाईच्या?"

"व्हय," माय म्हणाली. "तीस वर्सं."

शेवटी रुंद बैठकीचा एक राखाडी कॅरियर मी घातला. लेकरू आत बसवलं, तोंड माझ्याकडे. मायनं पट्टे ओढले. गुडघे बुडापेक्षा वर आले, बेडूक बसतो तसे. तिनं एक पाऊल मागे होऊन बघितलं. मग जवळ येऊन लेकराच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली. बोटं सहज गेली.

"वाक. मुका घे तिच्या टाळूचा."

मी मान खाली केली. ओठ पोचले नाहीत.

"खाली हाय. वर घे."

पट्टे सोडले, पुन्हा बांधलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मायनं स्वतः लेकराला बैठकीसकट उचलून धरलं आणि मी बकल लावलं. आता मान जराशी झुकवली की ओठ टाळूला लागत होते. मायनं वाकून बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. नाक दिसत होतं, तोंड दिसत होतं, छाती खालीवर होत होती.

"और ये देखो," दुकानदारानं वरच्या कप्प्यातून एक टोपरं ओढून बाहेर काढलं आणि लेकराच्या डोक्यावरून पुढे आणून दोन बटणं लावली. लेकरू नाहीसं झालं. "हूड आहे. धूप नाही, धूळ नाही. बच्चा आराम से सोएगा."

माय म्हणाली, "कैची हाय का?"

"काय मावशी?"

"कैची. हे कापून द्या."

"अहो, कापलं तर माल वापस नाही होणार."

"वापस कोण मागून राहिलं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कॅरियर काढून त्याच्या हातात दिला. दोन-तीन वेळा 'बराबर ना?' असं विचारत त्यानं शिवणीलगत हूड कापला. मायनं तो तुकडा घेतला नाही. तिथंच काउंटरवर सोडून ती पायऱ्या उतरली.

त्याच दिवशी दुपारची एसटी धरून आम्ही कळमनुरीला निघालो. लेकरू माझ्या छातीवर, मी खिडकीशी, माय शेजारी. मायची नजर पाच मिनिटंही दुसरीकडे जात नव्हती. गाडी गचके खात होती आणि दर गचक्याला ती लेकराच्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "माय, मी बघते आहे ना." ती म्हणाली, "तू बघ. मी बी बघते."

मधल्या एका फाट्यावर कामाला निघालेल्या चार-पाच बाया चढल्या. त्यातली एक आमच्या पलीकडच्या सीटवर बसली. विशीतली असेल. तिच्या पोटाशी झोळीसारखं काही बांधलेलं होतं आणि त्यावर पदर, कडेनं नीट खोचलेला. खिडकीतून वारा येत होता. आत लेकरू आहे हे तिच्या हातावरून कळत होतं. ती वरून थोपटत होती. आतून आवाज येत नव्हता.

मला दिसलं. मायलाही दिसलं असणार, कारण तिचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन घट्ट झाला.

मी सभांमध्ये बोलले आहे. मोर्चात बोलले आहे. मला तोंड उघडता येईना. काय म्हणू? बाई, तुझं चुकलं? ती विहिरीवरच्या बायांसारखीच भाषा झाली असती. मी शब्द जुळवत राहिले आणि गाडी पुढे जात राहिली. एक गाव गेलं.

मग माय उठली. दांडा धरून पलीकडे गेली आणि त्या पोरीसमोर वाकली.

"बाई, लेकराचं तोंड उघडं कर जरा."

"वारं हाय, मावशी."

"वारं लागू दे. माझी एक अशीच गेली. पदराखाली."

ती पोरगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं घाईनं पदर उपसला. आत लेकराचं डोकं खाली कललेलं होतं. मायनं विचारलं, "हात लावू?" आणि उत्तराची वाट न बघता त्याला काखेत धरून वर ओढलं, हनुवटी उचलली, तोंड एका बाजूला केलं. तळपायाला टिचकी मारली. ते लेकरू किंचाळून रडायला लागलं. पुढच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, "काहून रडवता बाई लेकराला? निजलं व्हतं चांगलं." ती पोरगी रडत्या लेकराला छातीशी धरून होती आणि माय तिला दाखवत होती, हे बघ, इथवर, मुका घेता यावा इतकं वर. उरलेला रस्ता माय तिच्याजवळच उभी राहिली. घरी आली तेव्हा तिचे पाय सुजले होते.

'माझी एक अशीच गेली' हे ती परक्या माणसासमोर पहिल्यांदा बोलली. मला लिहायला तिनंच सांगितलं, एका अटीवर. कोणाचं नाव नको, त्या शेतकऱ्याचं सुद्धा. माझ्या मुलीला ती अजून छातीशी घेत नाही. मी विचारलं नाही, विचारणार नाही.

तुमच्याकडे एवढंच मागते. एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, रानाच्या बांधावर, पदराखाली किंवा पट्ट्यात झाकलेलं लेकरू दिसलं तर पुढे जाऊ नका. त्या बाईला चूक सांगू नका, भाषण देऊ नका. नुसतं म्हणा, बाई, तुझ्या लेकराचं तोंड बघू दे. आणि दिसेपर्यंत तिथून हलू नका.